गोंडवन खडकांतील वायू आणि ‘कोरड्या’ कूपांचे वाचन

आलापल्लीहून दक्षिणेस सिरोंच्याकडे जाताना गोंडवन खडकांचा जो प्रदेश लागतो, त्याची चर्चा बहुधा जीवाश्म आणि कोळसा या दोन विषयांपुरतीच होते. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केलेला जीवाश्मसंग्रह आणि १८७१ साली सुरू झालेली वरोऱ्याची खाण हे त्यातील परिचित टप्पे होत. हेच खडक प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातून आग्नेयेस आंध्रच्या किनाऱ्याकडे जातात व तेथे नव्या गाळाखाली गाडले जातात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशालगत मंडपेटा येथे याच खोल गोंडवन वालुकाश्मांत नैसर्गिक वायू मिळाला. त्याचा उगम खालच्या पर्मियन काळातील कोळसा व शेलच्या थरांत मानला जातो. चंद्रपूरचा कोळसाही पर्मियन काळातीलच.

मंडपेट्याचा वालुकाश्म घट्ट आहे. त्यात वायू असतो, पण तो सहज वाहत नाही. त्यामुळे अन्वेषण कूप खोदताना मिळणाऱ्या खुणा फसव्या ठरतात. वेधनात वापरला जाणारा ‘मड’ खडकातील दाब रोखून धरतो. तो प्रमाणाबाहेर जड असेल तर खडकाच्या रंध्रांत शिरून वायूला मागे लोटतो, आणि वर येणाऱ्या मडमध्ये वायू नगण्य दिसतो. पंप थांबताच मडचा परिणामी दाब किंचित घटतो. तेवढ्याच वेळेपुरता वायू वाढत असेल, तर खडकाचा दाब मडच्या दाबाला येऊन भिडला आहे असे समजावे लागते. कूप बंद केल्यावर दाब अगदी संथपणे चढत असेल, तर वायू नाही असे नव्हे. खडकाची पारगम्यता कमी आहे, इतकेच त्यावरून सिद्ध होते. या दोन निष्कर्षांची गल्लत ही घट्ट खडकांच्या अन्वेषणातील जुनी चूक होय.

उलट बाजूची चूक अधिक भीषण असते. मड हलका पडला किंवा नळ वर ओढताना कूपात पोकळी निर्माण झाली, तर वायू आत शिरतो व टाकीतील मडची पातळी वाढू लागते. ही वाढ वेळीच ओळखावी लागते. त्याच त्रिभुज प्रदेशातील पासर्लपुडी येथे, अर्थात तुलनेने नव्या खडकांच्या क्षेत्रात, ८ जानेवारी १९९५ रोजी कूपाचा उद्रेक होऊन आग लागली. आसपासच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या आणि परदेशी तज्ज्ञांना पाचारण करूनही ती विझण्यास १५ मार्च उजाडला.

अशा घटनेनंतर मड जड ठेवण्याकडे कल होणे स्वाभाविकच. कामगारांच्या जिवापुढे वायूची एखादी खूण हुकली तरी चालते. मात्र तेवढ्याच खबरदारीने घट्ट वालुकाश्मातील वायू नोंदींतून नाहीसा होऊ शकतो. जुन्या कूप-अहवालावर ‘कोरडा’ असा शेरा आढळल्यास अभ्यासकाने म्हणून आधी त्या खोलीवरील मडच्या घनतेची नोंद पाहावयास हवी, वायूची त्यानंतर.