वनवासास निघतांना घेतलेलीं हत्यारें

मराठींत 'हत्यार' हा शब्द शिपायाच्या तरवारीस लागतो, तसाच सुताराच्या वाकसासही लागतो. वाल्मीकिरामायणांत मात्र शस्त्र आणि अवजार यांतील भेद लक्षपूर्वक राखिलेला दिसतो. त्याचीं कांहीं स्थळें येथें देतों. सर्गांक प्रचलित पाठाचे आहेत. बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरानें १९६० ते १९७५ या काळांत काढलेल्या चिकित्सित आवृत्तींत ते निराळे पडतात.

अयोध्याकांडाच्या ३१ व्या सर्गांत लक्ष्मण म्हणतो कीं, धनुष्यबाणांसह खनित्र व पिटक, म्हणजे खणण्याचें अवजार व टोपली, घेऊन मी वाट दाखवीत पुढें चालेन. ३७ व्या सर्गांत राम स्वतः चौदा वर्षांच्या वनवासासाठीं ह्याच दोन वस्तु मागवितो. निर्वाह कंदमुळांवर करावयाचा, तेव्हां ही निवड योग्यच होय. यमुना उतरतांना (सर्ग ५५) लक्ष्मणानें वेतसाच्या व जांभळीच्या फांद्या तोडून सीतेस आसन केलें. तेथें तोडण्याच्या साधनाचें नांव नाहीं. उलट भरतासाठीं रस्ता करणाऱ्या कारागिरांच्या हातीं (सर्ग ८०) कुठार, टंक व दात्र, म्हणजे कुऱ्हाड, टांकी व विळा, अशीं निरनिराळीं अवजारें आहेत. तिघांच्या प्रवासाचें ओझें वेगळें आणि सैन्यासाठीं रान तोडण्याचें काम वेगळें, हें कवीस ठाऊक होतें.

अरण्यकांडाच्या ९ व्या सर्गांत सीता एक कथा सांगते. इंद्रानें योद्ध्याच्या वेषानें येऊन एका तपस्व्यापाशीं खड्ग ठेव म्हणून ठेविलें. तें सांभाळण्यासाठीं तो फळेंमुळें आणावयास जातांनाही बरोबर नेऊं लागला; हळूहळू त्याची बुद्धि क्रूर झाली व तो नरकास गेला. कंद खणावयास खनित्र पुरतें. खड्ग हातीं असलें म्हणजे तें आपलें काम शोधूं लागतें, असा तिचा आशय. ऋषींस रक्षणाचें वचन दिलें आहे, हें रामाचें उत्तर पुढच्याच सर्गांत आहे. त्यामुळें हा वाद एकतर्फी राहत नाहीं.

एवढ्यावरून कोणत्याही काळाचा निर्णय होत नाहीं, हें उघड आहे. परंतु तरवारी घराण्यांनीं जपल्या. विळे, कुऱ्हाडी झिजल्यावर लोहाराच्या भट्टींत गेल्या. त्यांचा मागमूस पुष्कळदां शब्दांतच उरतो. यास्तव पोथी किंवा घरगुती सामानाची याद हातीं आल्यास संग्राहकांनीं शस्त्रांच्या नांवांबरोबर अवजारांचीं नांवेंही पाठभेदांसह टिपून ठेवावीं, अशी विनंति आहे.