सापाच्या हृदयाकडून उसनी घेतलेली कल्पना

हृदयाचा धडा शिकवताना एक प्रश्न वर्गातून हमखास येतो. हृदय सतत रक्ताने भरलेले असते, मग त्याच्या स्नायूंना रक्त पुरवायला वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला हव्यात? पाण्यात उभे राहून कोणी तहानलेले राहील काय? प्रश्न चांगला आहे. डाव्या जवनिकेची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड असते आणि आतल्या रक्तातला ऑक्सिजन झिरपत इतक्या खोलवर पोचू शकत नाही. म्हणून महारोहिणीच्या मुळाशीच दोन करोनरी रोहिण्या फुटतात आणि बाहेरच्या बाजूने हृदयाला वेढून त्याला रक्त देतात. त्यांतली एखादी फांदी तुंबली, की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका.

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. सेन मूळचे कोलकात्याचे. सुरुवातीचे शिक्षण नागपूरला, वैद्यकीय शिक्षण व सारे कर्तृत्व मुंबईत. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू बराचसा स्पंजासारखा असतो आणि त्याला पोकळीतले रक्त थेट मिळते. मग माणसाच्या हृदयातही तशा वाटा पाडून दिल्या तर? सेन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या भिंतीत सुईने आरपार बारीक छिद्रे पाडली आणि करोनरी रोहिणी बांधून टाकली. छिद्रे पाडलेली हृदये या आघातातून अधिक तगली. 1965 साली अमेरिकेतील छातीच्या शस्त्रक्रियांना वाहिलेल्या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. पद्धतीच्या नावात ॲक्युपंक्चर हा शब्द होता, पण चिनी उपचाराशी तिचा संबंध सुईपुरताच.

पुढे काय झाले? सुईची छिद्रे काही काळाने बुजतात असे इतरांना आढळले. 1980च्या दशकात अमेरिकेत मीरहोसैनी यांनी सुईऐवजी लेसर वापरला. 1998 मध्ये तिथे या उपचाराला मान्यताही मिळाली, कारण रुग्णांचे छातीतले दुखणे कमी होत होते. मात्र शवविच्छेदनात लेसरच्या वाटाही बंद झालेल्या दिसल्या. नळीवाटे केलेल्या लेसर उपचाराची 2005 साली प्रसिद्ध झालेली चाचणी तर निर्णायक होती. ज्यांच्यावर उपचाराचा केवळ देखावा केला होता, त्यांनाही तितकेच बरे वाटले! यावरून सेन यांची कल्पना मोडीत काढणे आम्हाला मात्र उतावळेपणाचे वाटते. रक्त थांबल्यावर स्नायू जगवायचा कसा, हा प्रश्न त्यांनी मुंबईत बसून ऐन वेळी विचारला होता.

त्याच सुमारास दुसरीकडे एक विचित्र गोष्ट लक्षात येऊ लागली होती. 1960 मध्ये शिकागोच्या रॉबर्ट जेनिंग्ज यांनी कुत्र्यांची करोनरी रोहिणी काही वेळ बांधून मग सोडली. ज्या रक्ताने स्नायू वाचायचा, ते परत येताच काही पेशींचा नाश उलट झपाट्याने दिसू लागला. आमच्या नवी मुंबईत पाणीपुरवठा बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की नळाला आधी गढूळ पाणी येते, तसेच काहीसे. पण पेशीत केवळ गाळ ढवळला जात नाही. ऑक्सिजनविना पेशीतली एटीपीची शिल्लक संपते, आम्ल साचते, सोडियम आत भरते. रक्त परतताच बाहेरचे आम्ल झटकन धुऊन निघते आणि आतले आम्ल बाहेर टाकण्याच्या खटाटोपात पेशी आणखी सोडियम आत घेते. मग सोडियम बाहेर काढताना कॅल्शियम आत येते. जास्तीच्या कॅल्शियमने स्नायू आकसून ताठरतो, तंतुकणिकांच्या आवरणाला छिद्रे पडतात, वर ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू आवरणे जाळत सुटतात.

1986 मध्ये जेनिंग्ज, रायमर आणि मरी यांनी ड्यूक विद्यापीठात आणखी गंमत दाखवली. पाच-पाच मिनिटे चार वेळा रक्त अडवून सोडले आणि नंतर चाळीस मिनिटे अडवले, तर मरणारा स्नायू एक चतुर्थांशावर आला. छोट्या उपासांनी हृदय जणू मोठ्या उपासाला तयार होते. अडचण एवढीच, की झटका कोणी सांगून येत नाही. मग रक्त परतताना देण्याची औषधे शोधली गेली. सायक्लोस्पोरिन 2015च्या चाचणीत निष्प्रभ ठरले. दंडाला पट्टा आवळून सोडण्याची युक्ती 2019 मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवर तपासली, तिचाही उपयोग दिसला नाही. अडकलेली रोहिणी लवकर उघडणे, हाच खात्रीचा उपाय राहिला आहे.

हृदयरोपणाची गोष्ट वेगळी. तिथे रक्त कधी थांबणार हे शल्यविशारदाला आधीच ठाऊक असते. टोरंटोच्या बिगेलो यांनी 1950 मध्ये थंडाव्याचा मार्ग दाखवला. लंडनच्या मेलरोज यांनी 1955 मध्ये पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवले, पण त्या तीव्र द्रावणाने स्नायूलाच इजा होई. लंडनच्याच सेंट थॉमस रुग्णालयाचे सौम्य द्रावण 1970च्या दशकात आले. सेन यांच्या चमूने केईएममध्ये हृदयरोपण केले ते त्याच्याही आधी, फेब्रुवारी 1968 मध्ये. बर्नार्ड यांच्या पहिल्या रोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. जगातले हे सहावे रोपण; दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका यांनंतर भारतच. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केलेल्या दुसऱ्या रोपणातला रुग्ण चौदा तास.

त्यानंतर देशात हे काम थंडावले. अवयवरोपणाचा कायदा 1994 मध्ये झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत डॉ. वेणुगोपाळ यांनी यशस्वी रोपण केले. मुंबईला 3 ऑगस्ट 2015 पर्यंत थांबावे लागले, म्हणजे सेन यांच्या प्रयत्नानंतर सत्तेचाळीस वर्षे. त्या दिवशी पुण्यातल्या दात्याचे हृदय विमानाने मुंबईला आणि तिथून पोलिसांनी मोकळ्या केलेल्या रस्त्याने मुलुंडला, दोन तासांच्या आत पोचले. डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते एका तरुणाच्या छातीत बसवले. बर्फात ठेवलेले हृदय साधारण चार तास धरवते. त्यांतला जो वेळ रस्त्यावर वाचतो, तो टाके घालायला मिळतो.