वाईच्या शिवारातला हिशेब: घरच्या श्रमांची किंमत किती?

(१)
वाई म्हटले की कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, मेणवलीचा वाडा आणि मराठी विश्वकोश डोळ्यांसमोर येतात. भारतीय अर्थशास्त्राच्या इतिहासात या तालुक्याची आणखी एक नोंद आहे. ती मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. १९४० साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने ‘अ सर्व्हे ऑफ फार्म बिझनेस इन वाई तालुका’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. लेखक होते धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ. शीर्षकातच शेतीला ‘बिझनेस’, म्हणजे व्यवसाय म्हटले आहे. शेतीला व्यवसाय मानले की तिचा नफा-तोटा मांडावा लागतो, आणि तो मांडताना जो प्रश्न उभा राहतो त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

(२)
आधी काळ पाहू. १९३० साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे इकॉनॉमेट्रिक सोसायटी स्थापन झाली. अर्थशास्त्राचे सिद्धान्त गणिताच्या भाषेत मांडायचे आणि प्रत्यक्ष आकडेवारीवर तपासायचे, ही तिची प्रतिज्ञा. या शास्त्राला मराठीत ‘अर्थमिती’ म्हणतात. त्याच वर्षी पुण्यात गोखले संस्था सुरू झाली. तिच्यासाठी देणगी दिली होती साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांनी, आणि पहिले संचालक झाले धनंजयराव गाडगीळ. दोन्ही संस्थांचा एकमेकींशी संबंध नव्हता; पण ‘मोजल्याशिवाय बोलू नये’ ही वृत्ती दोन्हीकडे होती.

(३)
दख्खनच्या खेड्यात मोजणीची परंपरा त्याआधीच सुरू झाली होती. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची कुटुंबवार पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिचा विषय एक गाव होते. वाईच्या पाहणीने अख्खा तालुका घेतला. हा तालुका अशा कामाला सोयीचा नव्हता: पश्चिमेला सह्याद्रीचा धो-धो पाऊस, पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने कमी होत जाणारा, कुठे विहिरीवरची बागायत, कुठे निव्वळ जिरायत. धोम धरण व्हायला अजून बराच अवकाश होता. अशा मुलखात ‘सरासरी शेतकरी’ शोधायला निघालेल्या माणसाला पहिला धडा मिळतो तो हाच, की सरासरीच्या पोटात बरेच काही दडलेले असते.

(४)
शेतीव्यवसायाच्या पाहणीत काय विचारायचे? किती पिकले, किती विकले, किती घरी खाल्ले. बी, खत, बैल, सारा, मजुरी यांवर किती खर्च झाला. इथपर्यंत सरळ आहे. अडचण त्यापुढच्या रकान्यात येते. शेतकरी स्वतः, त्याची बायको, म्हातारे आईवडील आणि मुले रानात राबली. त्यांना कुणी पैसे दिले नाहीत. मग त्या श्रमांची किंमत किती धरायची?

(५)
एक काल्पनिक हिशेब करू. समजा, त्या काळातल्या एका कुटुंबाच्या शेतीतून २०० रुपयांचा माल निघाला. रोख खर्च १४० रुपये. घरच्या माणसांनी मिळून ३२० दिवस काम केले.
घरच्या श्रमांची किंमत शून्य धरली, तर ६० रुपये उत्पन्न.
दिवसाला २ आणे धरले, तर श्रमांचे ४० रुपये होतात आणि २० रुपये नफा उरतो.
४ आणे धरले, तर श्रमांचे ८० रुपये होतात आणि २० रुपये तोटा दिसतो.
रान तेच, पीक तेच, माणसे तीच. बदलला तो फक्त कचेरीत बसून धरलेला दर. त्याच्यावर एकच कुटुंब ‘नफ्यात’ ठरते किंवा ‘तोट्यात’ जाते.

(६)
आता खर्चाची बाजू सोडून उत्पन्नाची बाजू पाहू. एकरी किती पिकते हे तरी नक्की असते का? या प्रश्नाचे नाव सातारा जिल्ह्याशीच जोडलेले आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली याच जिल्ह्यातील बुध गावी झाला. त्यांनी पीककापणीच्या प्रयोगांना शास्त्रीय शिस्त लावली: शेते चिठ्ठी टाकल्यासारखी, आवडनिवड न ठेवता निवडायची, त्यांतला ठरावीक मापाचा तुकडा कापायचा, मळायचा आणि तोलायचा.

(७)
तुकडा केवढा असावा, यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात गाजलेला मतभेद झाला. महालनोबिस छोट्या वर्तुळाकार तुकड्यांच्या बाजूचे. ते झटपट कापून होतात, म्हणून त्याच खर्चात अधिक जागा पाहता येतात. सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवले की छोट्या तुकड्यात उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त भरते. कारण साधे आहे. कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. नमुन्यांची संख्या वाढवली तरी ही चूक जात नाही, कारण ती सगळीकडे एकाच बाजूला झुकलेली असते.

(८)
म्हणजे शेतीच्या एका आकड्यात दोन ठिकाणी माणसाचा निर्णय मिसळलेला असतो: कडेचे ताट आत घ्यायचे की नाही, आणि घरच्या घामाला कोणता दर लावायचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही. त्याला सिद्धान्त लागतो. इथून अर्थशास्त्रातील प्रतिमानाचे, म्हणजे ‘मॉडेल’चे काम सुरू होते.

(९)
स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात केंद्र सरकारने अनेक राज्यांत ‘फार्म मॅनेजमेंट स्टडीज’ हाती घेतले. तेव्हाच्या मुंबई राज्यात त्यासाठी अहमदनगर आणि नाशिक हे जिल्हे निवडले गेले. या अभ्यासांचे आकडे घेऊन १९६२ साली अमर्त्य सेन यांनी मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त एक छोटा लेख लिहिला. त्यात त्यांनी तीन गोष्टींवर बोट ठेवले. घरच्या श्रमांना चालू मजुरीचा दर लावला, तर भारतातील बरीचशी शेती तोट्याची दिसते. जमीनधारणा मोठी होत जाते तशी नफ्याची बाजू सुधारते. आणि तरीही, एकरी उत्पादन मात्र लहान शेतात जास्त असते.

(१०)
तोट्याच्या धंद्यात कोटी-कोटी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या का राहतील, आणि तीच एकरी जास्त कसे पिकवतील? सेन यांचे उत्तर असे: मोठा शेतकरी मजूर लावतो, तेव्हा शेवटच्या मजुराच्या कामातून निदान त्याच्या मजुरीइतके निघाले पाहिजे. कुटुंबाचे गणित वेगळे असते. बाहेर काम मिळण्याची शाश्वती नसेल, तर घरी बसण्यापेक्षा आपल्याच रानात आणखी एक खुरपणी केलेली बरी. चार पायल्या वाढल्या तरी त्या घरच्याच. म्हणून लहान शेतात श्रम जास्त पडतात आणि एकरी उत्पादन वाढते. अशा कुटुंबाच्या श्रमांना बाजारचा दर लावून ‘तोटा’ जाहीर करणे, हा मोजणाऱ्याच्या गृहीतकाचा परिणाम असू शकतो.

(११)
वाद इथे संपला नाही. अशोक रुद्र यांनी हा नियम आकडेवारीत सर्वत्र टिकतो का, यावरच प्रश्न उभा केला. आणखी एक शंका अशी: लहान तुकडे मुळातच अधिक सुपीक किंवा पाण्याखालच्या जमिनीत असतील तर? वाईचेच उदाहरण घ्या. विहिरीकाठचे अर्धा एकर आणि माळावरचे दहा एकर यांची तुलना करून ‘लहान शेत चांगले’ म्हटले, तर श्रेय शेताच्या आकाराला मिळते आणि खरे काम पाण्याने केलेले असते. आज अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना उन्हाळी अभ्यासवर्गात संगणकावर रिग्रेशन शिकवताना ‘सुटलेला घटक’ म्हणून जो धोका सांगतात, तो हाच. वाईच्या शेतकऱ्याला तो सॉफ्टवेअरशिवाय कळतो.

(१२)
हा जुना वाद आजच्या बातम्यांत वेगळ्या नावाने भेटतो. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च अनेक प्रकारे काढतो. ‘ए-२ अधिक एफएल’ या खर्चात रोख खर्च आणि घरच्या श्रमांची धरलेली किंमत येते. ‘सी-२’ मध्ये त्याशिवाय स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही धरतात. २०१८ च्या अर्थसंकल्पापासून सरकार ‘दीडपट हमीभाव’ म्हणते तो पहिल्या खर्चाच्या दीडपट. अनेक शेतकरी संघटना मागतात तो ‘सी-२’ च्या दीडपट. दोघेही ‘उत्पादनखर्च’ हाच शब्द वापरतात.

(१३)
घरच्या श्रमांच्या त्या रकान्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. श्रमांची किंमत गावातल्या चालू मजुरीवरून धरली आणि गावात बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी असली, तर घरच्या बाईचा दिवसही कागदावर स्वस्त होतो. बाजारातली विषमता अशी गुपचूप हिशेबात उतरते, आणि पुढे त्या आकड्याला ‘शास्त्रीय’ म्हटले जाते.

(१४)
म्हणून ‘शेती तोट्यात आहे’ किंवा ‘शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले’ असा आकडा दिसला, की दोन प्रश्न विचारावेत. पीक कसे मोजले? आणि घरच्या माणसांचा दिवस कितीला धरला? आठ दशकांपूर्वी वाई तालुक्यातील शेतीचा हिशेब मांडणाऱ्यांपुढे हा रकाना होताच, आणि आजही तो कुणीतरी भरतोच. तो कोण भरतो, हे विचारण्याचा हक्क त्या रानात राबणाऱ्याला आहे.