१२ ऑगस्ट २००८ : वाड्याच्या अडकलेल्या दाराची गोष्ट

१२ ऑगस्ट २००८ ही तारीख सर्वांत आधी उजाडली ती न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात. तिथल्या संगणककक्षांतून तक्रारी येऊ लागल्या की रात्री बंद केलेले सर्व्हर सकाळी सुरू होत नाहीत. पडद्यावर उमटत होता तो केवळ ‘अंतर्गत त्रुटी’ असा मोघम संदेश. यंत्रे धडधाकट होती, वीज होती, जाळे शाबूत होते. बदलली होती ती फक्त तारीख.

दोष होता व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स ३.५ या आभासीकरण प्रणालीच्या ताज्या सुधारित आवृत्तीत. ती बाहेर पडून तीन आठवडेही झाले नव्हते. ज्यांनी तत्परतेने अद्ययावतीकरण केले तेच अडकले. ज्यांनी आळस केला ते सुटले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात आळसाचे असे कौतुक क्वचितच झाले असेल.

आभासीकरण म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला फार दूर जावे लागत नाही. जुन्या नाशकातला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणावा. जोते एक, चौक एक, आड एक. पण बिऱ्हाडे अनेक आणि प्रत्येकाची चूल निराळी. एका बिऱ्हाडातले भांडण दुसऱ्याच्या ताटात येत नाही. एकाच सर्व्हरवर अशी अनेक आभासी यंत्रे नांदतात आणि त्यांना प्रोसेसर, स्मृती व साठवण वाटून देणारा वाड्याचा कारभारी म्हणजे हायपरवायझर.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी १९६४ मध्ये सीपी-४० या प्रणालीचे काम हाती घेतले. १९७२ मध्ये तिची वंशज व्हीएम/३७० जाहीर झाली. पुढे तिचा एक मोठा उपयोग ठरला तो अद्ययावतीकरणाचाच. नवी कार्यप्रणाली एका आभासी यंत्रात तपासायची, जुनी शेजारच्या यंत्रात चालू ठेवायची आणि खात्री पटली की मगच बदल करायचा. म्हणजे बदलाचा धोका कमी करण्याचे जे साधन होते, त्याच्याच बदलात पुढे धोका निघाला.

भारतात मात्र ही परंपरा रुजायला फारसा अवसर मिळाला नाही. १९७८ मध्ये आयबीएमने देश सोडला आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. पुढची पिढी वाढली ती स्वस्त, छोट्या संगणकांवर. त्या संगणकांचे प्रोसेसर आभासीकरणाच्या दृष्टीने अडचणीचे होते, कारण त्यांच्या काही आज्ञा कारभाऱ्याला न विचारताच अंमलात येत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालता-चालता बदलून टाकण्याची युक्ती काढली. २००३ मध्ये तिने आणखी एक करामत दाखवली. चालू आभासी यंत्र न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागले. चूल न विझवता बिऱ्हाड शेजारच्या वाड्यात नेण्यासारखेच हे!

या करामतीवरच पुढे देखभालीची सारी रीत उभी राहिली. वाड्याची तुळई बदलायची आहे? बिऱ्हाडे शेजारी हलवा, वाडा मोकळा करा, तुळई बदला, बिऱ्हाडे परत आणा.

१२ ऑगस्टला नेमके हेच दार अडकले. चाचणीच्या आवृत्तीला ठरावीक मुदतीनंतर बंद पाडणारा एक तुकडा अंतिम आवृत्तीत तसाच राहून गेला होता. मुदत सरताच प्रणालीने आपला परवाना संपल्याचे मानले. चालू असलेली यंत्रे चालत राहिली. मात्र बंद यंत्र सुरू होईना, निद्रिस्त यंत्र जागे होईना आणि चालू यंत्र दुसरीकडे हलेना. दुरुस्तीसाठी वाडा मोकळा करण्याची नेहमीची वाटच खुंटली.

तात्पुरता तोडगा निघाला तो चमत्कारिक. सर्व्हरचे घड्याळ वेळेच्या जाळ्यापासून तोडायचे आणि तारीख १० ऑगस्ट करायची. प्रणाली फसली, यंत्रे सुरू झाली. पण आभासी यंत्र उठताना वेळ विचारते ती यजमान सर्व्हरलाच. ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉससारख्या व्यवस्था सहसा पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक खपवून घेत नाहीत. इथे तर दोन दिवसांचा फरक. हिशेबाच्या नोंदींवर मागची तारीख पडण्याची भीती वेगळीच. कंपनीने तातडीने दुरुस्ती पुरवली. पदावर येऊन जेमतेम पाच आठवडे झालेले प्रमुख पॉल मॅरिट्झ यांनी चूक कबूल करून ग्राहकांची माफी मागितली.

प्रतिस्पर्धी प्रणालीही अशा प्रसंगातून सुटली नाही. २०१४ च्या सप्टेंबरअखेर झेन या मुक्त हायपरवायझरमध्ये सुरक्षेची फट सापडली. दोष जाहीर होण्याआधीच ती बुजवणे भाग होते. त्यासाठी ॲमेझॉनला आपल्या ताफ्यातले दहा टक्क्यांहून कमी सर्व्हर पुन्हा सुरू करावे लागले. बिऱ्हाडकरूंना कारण पूर्ण सांगता येत नव्हते, केवळ वेळ कळवता येत होती.

नाशिकची सातपूर औद्योगिक वसाहत एरवी ओळखली जाते ती मायकोसारख्या कारखान्यांमुळे. तिथेच ईएसडीएस या कंपनीचे मुख्यालय आणि विदागार आहे. पीयूष सोमाणी यांनी २००५ मध्ये तिची स्थापना केली. मुंबई-पुण्यापासून दूर राहून अशा उद्योगाने मूळ धरावे, ही दखल घेण्याजोगी बाब. या कंपनीने ‘एनलाइट’ नावाची क्लाउड प्रणाली उभारली आणि तिच्या तंत्रासाठी अमेरिका व ब्रिटनमध्ये पेटंट मिळवले. गर्दी वाढली की इतर बहुतेक व्यवस्था नवी यंत्रे शेजारी उभी करतात. एनलाइट चालू यंत्राचीच स्मृती आणि प्रोसेसर वाढवते आणि गर्दी ओसरली की ते काढून घेते. पाहुणे आले म्हणून दुसरे घर न घेता, त्याच खोलीची भिंत पंगत उठेपर्यंत मागे सरकवण्याचा हा प्रकार.

भिंत अशी सरकवायची, तर खोलीतल्या कुणालाही बाहेर काढायचे नसते.  सातपूरच्या विदागारात दिवे लुकलुकत असतात, पंखे घोंघावत असतात आणि आतल्या आभासी यंत्रांना खालचा सर्व्हर कधी बदलला, याची गंधवार्ताही नसते.