दुष्काळाचा खर्च कोणाच्या नावावर?

हवामान बदलाच्या परिषदा रिओ, क्योटो, कोपनहेगन अशा दूरच्या शहरांत भरतात. औंढा नागनाथच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यांचे काय, असे कोणी विचारील. पण तिथला मूळ वाद आपल्या ओळखीचा आहे. संकट वाढवले एकाने, सोसायचे दुसऱ्याने. मग पैसा कोणी द्यायचा? महाराष्ट्राने याच जातीचा प्रश्न एकदा आपल्या घरात सोडवला होता.

१९७२चा दुष्काळ आठवा. औंढा तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. मराठवाड्यातली माणसे रस्त्यांसाठी खडी फोडत होती, तलावांची माती वाहत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला. पैशाची सोय आधीच झाली होती. १९७५च्या कायद्याने नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. सरकारनेही तेवढीच भर घालायची होती. योजनेत खोटे हजेरीपट निघाले, मजुरीही रखडली. तरी मुंबईच्या कारकुनाचे पैसे परभणीच्या मजुराकडे कर्ज म्हणून गेले नाहीत.

जगाची रीत निराळी. जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, हे तत्त्व १९९२ साली रिओत मान्य झाले. २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, असे श्रीमंत देश २००९ साली कोपनहेगनला म्हणाले. त्यांच्याच हिशेबाने तो आकडा २०२२ साली गाठला गेला आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता. त्याच वर्षी शर्म अल-शेखला नुकसानभरपाईचा निधी ठरला. त्यात पैसे घालणे ऐच्छिक.

हिंगोली जिल्ह्यानेही हा अनुभव घेतला. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावे त्यात होती. शेततळी, ठिबक ही कामे गरजेचीच. पण जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलर कर्जाऊ होते. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याचा बोजा नाही, पण फेड सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच करांतून.

वर्गणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते, कर्ज परत करावे लागते. रोजगार हमीचा पैसा या दोन्हींपेक्षा वेगळा होता. जगाच्या परिषदेत आपल्या प्रतिनिधींनी हा दाखला द्यायला हवा.