थोरले किंग

थोर पुरुषाच्या चरित्रांत त्याच्या वडिलांच्या वांट्याला बहुधा पहिल्या प्रकरणांतलीं दोन पानें येतात. मार्टिन ल्यूथर किंग यांचीं चरित्रें वाचतांना आमचीही दृष्टि त्या पानांवरून भराभर पुढें सरकत असे. आमचे स्वतःचे वडील गेल्यावर मात्र तीं पानें आम्हीं पुन्हां उघडलीं, आणि या खेपेस पुढें जाववेना.

थोरल्या किंगांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेच्या दक्षिण भागांत, जॉर्जिया संस्थानांतील स्टॉकब्रिज येथें एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. त्यांचें मूळ नांव मायकेल. वडील जेम्स किंग हे गोऱ्या जमीनदाराची जमीन वांट्यानें करीत. आपल्याकडील अर्धेलीसारखीच ही रीत : जमीन, खेचर व बियाणें मालकाचें, घाम कुळाचा; वर्षभर मीठमिरची उधारीवर, आणि कापूस निघाल्यावर हिशेब. परंतु वही मालकाच्या हातीं असल्यामुळें हिशेबाअंतीं कुळाच्या पदरांत बहुधा कर्जच पडे.

अशाच एका हिशेबाच्या वेळीं मालक आपल्या वडिलांचे हक्काचे पैसे बुडवीत आहे, हें मायकेलच्या ध्यानांत आलें व त्यानें तें तेथल्या तेथें बोलून दाखविलें. मालक खवळला; पोराला आवर, नाहींतर थोबाडीन, अशी धमकी त्यानें बापाला दिली. जेम्स किंगांनीं मुलालाच गप्प बसविलें. त्यांना भित्रे ठरविणें सोपें आहे. परंतु ज्याचें अन्न, घर आणि पुढचा हंगाम एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून, त्यानें बोलावें कशाच्या बळावर? १९०८ सालीं तर जॉर्जियानें मतदारांवर साक्षरतेसारख्या अटी लादून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ नामशेष केला. दाद मागण्यास जागाच उरली नव्हती.

१९१८ च्या सुमारास मायकेल अटलांटा शहरीं आला. दिवसां पडेल तें काम करावें व उरल्या वेळांत शिकावें, असा क्रम त्यानें धरला. विशीच्या घरांतला हा धट्टाकट्टा तरुण ब्रायंट शाळेंत पांचव्या इयत्तेच्या मुलांच्या पंक्तीला बसला. पुढें मोरहाउस कॉलेजानें त्याला अपात्र ठरविलें, तेव्हां तो थेट प्राचार्य जॉन होप यांच्यापुढें जाऊन उभा राहिला आणि त्यानें प्रवेश मिळविला. आम्हां अध्यापकांना या प्रसंगापाशीं क्षणभर थांबावेंसें वाटतें. अनुत्तीर्णांच्या किती याद्यांवर आम्हीं डोळे मिटून सह्या केल्या असतील! १९२६ मध्यें त्यांचा विवाह झाला, १९३० मध्यें धर्मशास्त्राची पदवी मिळाली, आणि १९३१ मध्यें सासऱ्यांच्या मागें एबेनेझर चर्चचे ते धर्मोपदेशक झाले. १९३४ च्या जर्मनीच्या प्रवासानंतर त्यांनीं स्वतःस व आपल्या मुलास मार्टिन ल्यूथर हें नांव घेतलें.

हा मुलगा लहान असतांना ते त्याला घेऊन एकदां जोडे घ्यावयास गेले. दुकानदारानें पुढच्या खुर्च्या सोडून मागें बसावयास सांगितलें. बसूं तर येथेंच, नाहींतर खरेदीच नको, असें बजावून, मुलाचा हात धरून ते बाहेर पडले. त्या दिवशीं मुलाला जोडे मिळाले नाहींत. पण थोर झाल्यावर त्यानें आपल्या पुस्तकांत तो प्रसंग नोंदून ठेवला आहे. जेम्स किंगांच्या मौनापासून या दुकानाच्या दारापर्यंतचें अंतर एका पिढीचें. तें पांचव्या इयत्तेच्या बांकावरून तोडलें गेलें. पुढें मताधिकारासाठीं आणि कृष्णवर्णीय शिक्षकांच्या समान वेतनासाठीं अटलांटांत जे लढे झाले, त्यांत थोरले किंग अग्रभागीं होते.

धाकटे किंग १९५९ सालीं भारतांत आले. मुंबईस मणिभवनांतही राहिले. गांधीजींच्या ज्या अहिंसेचा त्यांनीं अंगीकार केला, तिची कठोर परीक्षा पुढें त्यांच्या वडिलांना द्यावी लागली. ४ एप्रिल १९६८ रोजीं मार्टिनची हत्या झाली; पुढच्याच वर्षीं दुसरा मुलगा पोहण्याच्या हौदांत मृत आढळला; आणि ३० जून १९७४ रोजीं पत्नी अल्बर्टा चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत असतांना एका तरुणानें त्यांना गोळी घातली. एवढें होऊनही आपण मारेकऱ्यांचा द्वेष करणार नाहीं, असें ते सांगत राहिले. १९७५ सालीं ते सेवानिवृत्त झाले. ११ नोव्हेंबर १९८४ रोजीं त्यांचा अंत झाला.

आम्ही दहा वर्षांचे असतांना एका कचेरींत आमच्यादेखत वडिलांचा पाणउतारा झाला होता. ते खालमानेनें ऐकून घेत राहिले, आणि आम्हांस त्यांची लाज वाटली. त्याच महिन्यांत त्यांनीं आमची शाळेची फी वेळेवर भरली होती, हें मात्र आम्हीं कधीं ध्यानांत घेतलें नाहीं. जेम्स किंगांना आज आम्ही क्षमा करूं शकतों, कारण ते दूरचे आहेत. घरच्या मौनाचा अर्थ लावावयास आम्हांस चाळीस वर्षें लागलीं, आणि तो लागला तेव्हां सांगावयास वडील उरले नव्हते.