तसबिरीची मागची बाजू

खासबागच्या रविवारच्या बाजारात, जुनी कुलपं आणि पितळी समया यांच्या ढिगाला टेकवून ठेवलेली एक तसबीर मला काही वर्षांपूर्वी मिळाली. उंबराच्या फांदीवर बसलेली धनेशाची जोडी, काचेच्या आत एका कडेनं शिरलेली बुरशी. विकणारा म्हणाला, हातानं काढलेलं चित्र आहे. मलाही तसंच वाटलं, कारण मला तसं वाटून घ्यायचं होतं.

आमच्या शेजारी आयुष्यभर मागावर बसलेले एक काका राहतात. त्यांनी तसबीर पाहिली, काही न बोलता आत गेले आणि धागे मोजायचं घडीचं भिंग घेऊन आले. इंचभर कापडात उभे धागे किती, आडवे किती, हे पाहण्यासाठी वापरतात ते. तसबिरीचा मागचा पुठ्ठा आधीच निखळला होता, त्यामुळे चित्र अलगद बाहेर आलं. काकांनी भिंग धनेशाच्या चोचीवर ठेवलं आणि म्हणाले, "बघा की." चोचीचा केशरी रंग केशरी नव्हताच. लाल आणि पिवळ्या ठिपक्यांची बारीक फुलं एकाशेजारी एक मांडलेली होती, मध्ये कुठे काळा ठिपका, कुठे निळा. ऑफसेट छपाईची ही खूण. कुंचल्याचा रंग भिंगाखाली असा कधीच दिसत नाही. तो कागदाच्या तंतूंत मुरतो, कडेला साठून गडद होतो. छापखान्यातली माणसंही छपाई तपासायला हेच भिंग वापरतात, आणि ते त्यांच्याकडे कापडाच्या धंद्यातूनच आलं.

हे पुस्तक त्या दुपारपासून सुरू झालं. वन्यजीवांची चित्रं आणि त्यांच्या मर्यादित आवृत्तीतल्या छापील प्रती जमवाव्यात असं ज्यांना वाटतं, पण हे काम मुंबईच्या लिलावघरांत वावरणाऱ्यांचं आहे असं समजून जे बिचकतात, त्यांच्यासाठी ते आहे. भिंग, उजेड, धीर आणि पक्ष्या-प्राण्यांशी थोडी ओळख एवढ्या भांडवलावर माणूस या वाटेवर बराच पुढे जातो.

या चित्रांना दोन प्रश्न विचारावे लागतात. हे कोणाच्या हातचं, हा पहिला. त्या हातानं तो प्राणी डोळ्यांनी पाहिला होता का, हा दुसरा. देवादिकांच्या चित्राला दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. इथे मात्र तो टाळता येत नाही, आणि माझ्या मते या क्षेत्राची खरी गोडी त्यातच आहे.

गेंड्याचंच पाहा. 1515 साली गुजरातच्या सुलतानानं दिलेला एक गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क यानं गोव्याहून लिस्बनला रवाना केला. न्यूरेम्बर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकारापर्यंत पोचलं ते फक्त त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन. त्यावरून त्यानं लाकडी ठसा तयार केला. अंगावर चिलखतासारखे पत्रे, पायांवर खवले आणि मानेमागे एक जादा छोटं शिंग! गेंडा असा नसतो. तरी युरोपनं पुढची दोन-अडीच शतकं हाच गेंडा खरा मानला.

त्यानंतर 275 वर्षांनी पुण्यात पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्यासमोर गंगाराम चिंतामण तांबट हा आपला चित्रकार बसला. सवाई माधवरावांचा काळ, आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पुण्यात होता. नोव्हेंबर 1790 ही तारीख असलेलं गंगारामाचं ते चित्र आज अमेरिकेत, न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे. हा प्राणी समोर उभा राहिलेला आहे. ड्यूररच्या कौशल्याला नमस्कारच, पण या दोन गेंड्यांत मला विश्वासाचा वाटतो तो पुण्याचा.

आणि तरीही ड्यूररचा छाप अस्सल आहे! प्राणी चुकला म्हणून चित्र नकली होत नाही. त्या ठशावरून अनेक आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीत वरच्या मजकुराच्या पाच ओळी आहेत. पुढे लाकूड म्हातारं झालं, त्याला चीर गेली आणि ती गेंड्याच्या पायांवर उमटू लागली. छाप कोणत्या काळातला हे सांगताना जाणकार आधी ती चीर शोधतात. ठशाच्या जखमेवरून त्याचं वय कळतं, हे मला फार सुंदर वाटतं.

हाताच्या चित्राची ओळख वेगळ्या वाटेनं होते. कलकत्त्यात 1777 ते 1782 या काळात मेरी इम्पी या बाईंनी शेख जैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांच्याकडून पक्ष्या-प्राण्यांची शेकडो चित्रं काढून घेतली. त्यांतल्या अनेकांवर चित्रकाराचं नाव आणि ती कोणाच्या संग्रहातली याची नोंद आहे. अशी एक ओळ पानभर प्रशस्तिपत्रापेक्षा मोलाची. पण नुसत्या संगतीवर विसंबूही नये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या केव्होर्कियन अल्बममध्ये जहांगीर-शाहजहानच्या काळातल्या पानांसोबत एकोणिसाव्या शतकात केलेल्या नकलाही बांधलेल्या निघाल्या. एका बासनात सापडली म्हणून सगळी पानं एका वयाची नसतात.

नक्कल ओळखताना प्राणी स्वतः साक्षीला येतो. बहुतेक सुतार पक्ष्यांची दोन बोटं पुढे असतात, दोन मागे. चित्रावरून चित्र उतरवणारा सवयीनं तीन पुढे काढतो, आणि तिथे सापडतो. म्हणून खानापूरच्या किंवा भीमगडच्या जंगलात घालवलेली एक सकाळ संग्राहकाला बाजारातल्या दहा फेऱ्यांपेक्षा जास्त शिकवते.

आजच्या मर्यादित आवृत्तीबद्दल गैरसमज फार आहेत. चित्राखाली पेन्सिलीनं 12/200 असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोनशे प्रतींतली बारावी. लहान आकडा म्हणजे भारी प्रत, असं विकणारे सांगतात. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं नुसतं ओरखडून काढलेल्या चित्रात ते खरं असू शकतं, कारण दाबाखाली पत्रा झिजतो आणि पहिल्या प्रती जास्त टवटवीत येतात. इंकजेट यंत्रातून निघालेल्या प्रतीत पहिली आणि दोनशेवी यांत फरक नसतो. विचारायचं ते वेगळंच: चित्रकाराच्या जादा प्रती किती, हेच चित्र दुसऱ्या आकारात काढलंय का, कागद आणि शाई कोणती, साल कोणतं. सही तिरक्या उजेडात पाहावी. पेन्सिलीची सही चकाकते आणि कागद किंचित दबलेला दिसतो. छापलेली सही भिंगाखाली ठिपक्यांत फुटते. प्रमाणपत्राला मी फार मान देत नाही. ते लिहिणाऱ्याचा शब्द जेवढा पक्का, तेवढंच ते पक्कं.

जुन्या ग्रंथांतून कापून काढलेल्या पानांवर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. जॉन गूल्डच्या हिमालयातल्या पक्ष्यांच्या ग्रंथात (1830–32) एलिझाबेथ गूल्डनं दगडावर रेखाटलेली आणि मग हातानं रंगवलेली 80 चित्रं आहेत. तिथे रेषा छापील आणि रंग हातचा, त्यामुळे रंग कुठे कुठे रेषेबाहेर सांडलेला दिसतो, आणि तो सांडलेला रंगच आपल्या बाजूनं बोलतो. पण ग्रंथ फोडून पानं विकणं मला पटत नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

कायदाही माहीत हवा. शंभर वर्षांहून जुनं चित्र 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. ते आपल्या मर्जीनं परदेशी पाठवता येत नाही. त्याच सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा धंदा गुन्हा ठरतो. वाघाचं चित्र मुंगूस मारून काढू नये, एवढी अपेक्षा संग्राहकानं चित्रकाराकडून जरूर ठेवावी.

आमच्याकडचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. तसबीर बाहेरच्या भिंतीला चिकटवून टांगू नका, मागे हवा खेळू द्या. आणि कसर लागलेला पुठ्ठा बदलायचा झाला, तरी मागचा कागद फाडून फेकू नका. फ्रेमवाल्याची चिठ्ठी, किमतीचा आकडा, कुणाच्या लग्नातला अहेर असल्याची ओळ, हे सगळं तिथेच असतं.

धनेशाची ती तसबीर अजून आमच्या सोप्यात आहे. तिच्या नव्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: ऑफसेट छपाई, खासबागच्या बाजारात घेतली, मूळ चित्र कोणाचं ते शोधतो आहे.